तावड्यांचा हौद

तावडे कधी "नमस्कार" म्हणत नसत. सकाळी फाटकाशी दिसले की आकडा सांगत. "साडेबारा!" म्हणजे हौदातल्या पाण्याचं तापमान. आपण "वा!" म्हणायचं आणि सुटायचं.

निगडीला प्राधिकरणात तेव्हा घरं मोजकी, बाकी मोकळा माळ. आमची दोघांची भिंत एकच. तावडे कासारवाडीच्या एका कारखान्यात भट्टीवर होते. मूळचे कोकणातले, लग्न राहूनच गेलेलं. परसातल्या सिमेंटच्या हौदात त्यांनी चार रोहू मासे पाळले होते. "कापणार कधी?" असं मी पहिल्याच दिवशी विचारलं, तर आठ दिवस मला आकडा मिळाला नाही.

भट्टीची शिस्त घरीही. हौदाला जॉबकार्ड टांगलेलं, त्यावर वेळच्या वेळी नोंद. तोंडी एकच: "अंदाज नको, रीडिंग घ्या." माझी बायको कढीला उकळी आली म्हणाली, तर या गृहस्थांनी तिलाही रीडिंग विचारलं!

त्या वर्षी पौषात थंडीने कहर केला. आकडा रोज उतरायचा. बारा, अकरा, दहा. तावड्यांचा चेहराही उतरत चालला. त्यातच त्यांना तिसरी शिफ्ट लागली. जाताना त्यांनी थर्मामीटर माझ्या हातात दिला.

"जगताप, सकाळी साताला बघा. नऊच्या खाली गेलं तर वर पोती टाका. बाकी काही करायचं नाही. काही म्हणजे काहीच नाही."

साताला पारा आठावर. मासे तळाशी निपचित, कल्ले हलतात की नाही कळेना. पोत्यांनी काय होणार, कपाळ? मी बंब पेटवला. पाणी कढत झालं तशा दोन बादल्या आणल्या आणि दिल्या ओतून. मी ऑफिसातला माणूस. भट्टीवरच्या कुणी असला गाढवपणा केला नसता.

थोरला रोहू उसळला, आडवा झाला आणि पांढरं पोट वर करून तरंगायला लागला. तेवढ्यात फाटक वाजलं.

"गरम ओतलंत?"

"दोन बादल्या," मी म्हणालो. वाटलं, आता हा माणूस माझा गळा धरणार.

तावड्यांनी डबा टाकला, स्वेटरसकट हात पाण्यात घातले आणि माशाला सरळ धरून पुढे पुढे चालवू लागले, कल्ल्यांत पाणी शिरावं म्हणून. अर्धा तास गेला. त्यांचे ओठ निळे पडले. मी धरतो म्हटलं, तर मानेनंच नको म्हणाले. आणि आकड्यांशिवाय न बोलणारा हा माणूस हळूच माशाशी बोलायला लागला.

"आज भट्टीचा पंखा बंद पडला रे. फोरमन मलाच बोलला, सगळ्यांदेखत. ऐकतोयस ना? तू गेलास तर घरी येऊन मी सांगू कुणाला?"

मला लाज वाटली. अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा वर्षं शेजारी राहून मी या माणसाला कधी काही विचारलंच नव्हतं.

ऊन हौदावर आलं तेव्हा थोरल्याने शेपटी हलवली आणि तो हातांतून सुटून तळाशी गेला. तावड्यांनी थर्मामीटर बुडवला.

"साडेदहा."

"असू दे हो," मी कठड्यावर बसलो. "फोरमन काय म्हणाला ते सांगा आधी."

त्यांनी स्वेटरच्या बाह्या पिळल्या. मग सांगायला लागले. त्या दिवशी माझी कंपनीची बस चुकली.