ढोलकीच्या शाईतलं काळीज

दस्तगीरचाचा भेटले की आधी तुमची छाती ठोकायचे, रामराम नंतर. डावी बोटं छातीवर पसरायची, त्यांवर उजव्या बोटानं टकटक, कान तिरका. "वाजतंय की झकास!" म्हणाले, की तुम्ही सुटलात.

त्यांचा बाप ढोलक्या मढवायचा. चाचा मात्र संस्थानच्या दवाखान्यात मलमपट्टीला लागलेले. मी तिथंच कारकून. ठोकता ठोकता आवाज बद्द झाला की काळजाची हद्द लागली, असा त्यांचा हिशेब. त्या हद्दीवर ते ढोलकीच्या पुडीला लावतात त्या काळ्या शाईनं वर्तुळ काढायचे आणि तेच वहीत उतरवायचे. शाई आठ-आठ दिवस निघत नसे. महाराजांच्या लाडक्या पैलवानांनाही या बाबानं सोडलं नव्हतं! तालमीच्या तांबड्या मातीत काळी वर्तुळं लोळायची.

"दस्तगीर, हे रोगी आहेत, तबले नव्हेत," डॉक्टरसाहेब वैतागायचे.

एका सकाळी माझा थोरला भाऊ, आबा, धापा टाकत दवाखान्यात आला. ओठ निळे, आडवं होता येईना. साहेब म्हणाले, "हृदय फुगलंय. पाणी समजून सुई घातली तर जागीच जाईल."

चाचांनी आबाची छाती ठोकली, कान लावला आणि साहेबांच्या तोंडावर म्हणाले, "न्हाय साहेब! फुगलेलं काळीज हाताला धडका देतंय. ह्ये लई लांबनं बोलतंय. काळजाभवतीच्या पिशवीत पाणी हाय."

"आणि चुकलास तर?"

"मला फासावर द्या. पण हितं टोचा!" त्यांनी शाईचं बोट टेकवलं.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी कशीबशी मान हलवली. पोकळ सुई ठिपक्यातून आत गेली. रक्त आलं असतं तर सगळं संपलं होतं. आलं पिवळं पाणी! वाटीभर, मग तांब्याभर. आबानं पोटभर श्वास घेतला आणि म्हणाला, "भूक लागलीया." अख्खा दवाखाना हसला, मी रडलो. साहेबांनी चाचांना चक्क मिठी मारली.

महिन्याभरानं आबा जोतिबाचा डोंगर चढून आला. त्या दिवशी चाचांनी वही माझ्यापुढं सरकवली. त्यांना लिहिता येत नव्हतं. पानोपानी नुसती वर्तुळं.

"पयल्या पानावर लिवा की. हमीदा. माझी बायको. पाणीच हुतं तिच्या छातीत, मला कळलंतं. पर नवा नोकर मी, साहेबापुढं बोललो न्हाय. ती गेली."

मी लिहिलं.

"आता शेवटच्या पानावर आबाचं नाव घाला," चाचा डोळे पुसत म्हणाले, "आन् फुडं लिवा, बोललो."