फुप्फुसं चाचपणारे धोंडोपंत

आमच्या अमरावतीतले धोंडोपंत वैद्य रोज सकाळी स्नानसंध्या आटोपून थेट खाटकाकडे जात. विकत काही घेत नसत. बकऱ्याचं, म्हशीचं फुप्फुस मागून घ्यायचं, कुठं टणक लागतं ते बोटांनी चाचपायचं आणि घरी येऊन पुन्हा आंघोळ. त्यांना वाळीत टाकायचं गावानं दोनदा ठरवलं. पण दर वेळी ठरवणाऱ्यांपैकीच कोणीतरी आजारी पडे.

ते कापसाच्या तेजीचे दिवस होते. नाकातोंडात रुई जाऊन सगळा बाजार खोकत असे. मीही, कारण मी अडतीवर कापूस तोलत होतो. पंत बाजारात उभे राहून खोकले निवडत. माझा ऐकून म्हणाले, हा कापसाचा, जाईल. अकोल्याच्या एका व्यापाऱ्याला मात्र त्यांनी भर सौद्यात हात धरून बाजूला नेलं. तो आधी त्यांना दलालच समजला.

पुढं माझ्या बायकोला, सरूला, संध्याकाळचा ताप येऊ लागला. एकदा खोकताना रक्त पडलं. आईनं तिला उपास करायला लावले. मी पंतांना घेऊन आलो.

"क्षय हाय," ते म्हणाले. "पण तिचं शरीर त्याच्याभोवती गाठ बांधून राहिलं. म्हशीच्या फुप्फुसात पाह्यल्या मी तशा गाठी. काहींत दह्यासारखं, काहींत चुन्यासारखं कडक. कडक झाली की रोग आत कोंडला. उपाशी ठेवाल तं ते गाठ कायची बांधील?"

म्हशीचं माझ्या सुनेला कशाला लावता, असं आईनं विचारलं. म्हशी उपास करत नाहीत, असं पंतांनी तिला शांतपणे सांगितलं.

उपास थांबले. दूध, तूप आणि अंगणात उघड्यावर खाट, असं वर्ष गेलं. ताप गेला, सरू अंगानं भरली. रोग मेला नाही, फक्त कोंडलाय, तिला जपा, एवढं पंतांनी बजावलं.

मी तुपाचं गाडगं घेऊन त्यांच्या घरी गेलो. अचलपूरहून त्यांची लेक आली होती. ती ओसरीवर बाळाला घेऊन बसलेली, आणि पंत पार विहिरीपलीकडे, वेगळ्या ताटात जेवत होते. मी बाळाला उचलून त्यांच्याकडे निघालो, तसे ते उठून मागं सरकले.

"नका आणू. मले हाय तोच रोग. वीस वर्सं झाली. याची आजी त्याच्यातच गेली."

मी बाळ परत दिलं. पंतांनी तिथूनच लेकीला विचारलं, "दात किती आले त्याले?"

"चार, बाबा."

त्यांनी तिथूनच मान उंचावली. "वर किती?"

तिला हे सवयीचं असावं. तिनं बाळाचं तोंड विहिरीकडे वळवलं आणि बोटानं त्याचा वरचा ओठ हलकेच उचलून धरला.