सरपंचाच्या पिंजऱ्यात कुरडया

गोजराबाईंनी डोळे मिटून गणपतीला नमस्कार केला आणि डोळे उघडले, तर गणपतीच्या डोक्यावरचं जास्वंदीचं फूल गायब. समईला टेकून सरपंच बसले होते. त्यांच्या तोंडातून लाल पाकळीचं टोक बाहेर आलेलं, आणि चेहऱ्यावर एखादा ठराव बिनविरोध मंजूर झाल्यासारखा शांत भाव.

सरपंच म्हणजे इग्वाना. परदेशी जातीचा, हिरवागार, शेपटीसकट माणसाच्या हाताएवढा लांब सरडा. लेक वैभवी पुण्याला नोकरीला होती. तिच्या घरमालकिणीनं सरड्याला पाहून एक किंकाळी फोडली, तेव्हा वैभवीनं त्याला, सरकारी नोंदणीच्या कागदासकट, मंगरूळपीरला आणून बापाच्या, म्हणजे इंद्रभानांच्या, हवाली केलं. प्राणी पानंफुलं खाऊन जगणारा. कुणी काहीही सांगितलं तरी शांतपणे ऐकायचं, मान डोलवायची आणि करायचं काहीच नाही, हा त्याचा स्वभाव पाहून इंद्रभानांनी त्याचं नाव सरपंच ठेवलं होतं.

"अवो, आयकून राह्यले काय?" गोजराबाईंनी हाक मारली. "या घरात आता एक तं हा राहीन, नाही तं देव राह्यतीन!"

इंद्रभान धावत आले. "फूलच खाल्लं ना? परसाद समजून खाल्लं असन."

"परसाद आरतीनंतर भेटते. अन् तुमी त्याची वकिली करू नका. पाडव्यापर्यंत त्याची घराबाहेर सोय करा. नाही झाली, तं तुमचा भाचा येते रिठदहून अन् घेऊन जाते त्याले. हरीओम कवाचा मांगून राह्यला."

इंद्रभानांनी सरपंचांना उचलून खांद्यावर घेतलं. माणूस एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेला. जन्मभर गाडीत लोकांना गोष्टी सांगितल्या. चालत्या गाडीतून लोक उतरू शकत नसल्यामुळे त्यांनी त्या ऐकल्या. घरी मात्र तशी अडचण नव्हती. कारंज्याच्या रस्त्यावर एक बिबट्या मागच्या दारानं गाडीत चढला आणि आपण त्याला हाफ तिकीट फाडून दिलं, ही गोष्ट सुरू झाली की गोजराबाईंना दूध उतू गेल्याचा वास यायचा आणि शेजारच्या माणिकरावांना मोटर बंद करायची आठवण व्हायची. बसून राहायचे ते सरपंच. एक डोळा मिटून, एक उघडा ठेवून. बिबट्यानं सुटे पैसे दिले, इथं तर ते हमखास मान डोलवत. असा श्रोता रिठदला जाऊ द्यायचा म्हणजे उरलेलं आयुष्य भिंतीशी बोलत काढायचं.

इंद्रभान तडक दर्ग्याच्या रस्त्यावर जमशेदच्या वेल्डिंगच्या दुकानात गेले.

"पिंजरा पाह्यजे," ते म्हणाले आणि दोन्ही हात ताणून माप दाखवू लागले. हात पुरेनात, तेव्हा ते दुकानाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेले.

जमशेदनं डोळ्यांवरचा काळा चष्मा वर केला. "काका, यात सरडा ठेवायचा का बैलजोडी?"

"त्याले फिराले जागा लागते बाप्पा. ऊन वरून पाह्यजे, हवा चारी बाजूनं पाह्यजे."

"मग कोंबडीची जाळी मारून देतो. सस्ते में काम."

"नाही, त्यात नखं अडकतात त्याचे. बारीक जाळी लाव. माशी आत नाही गेली पाह्यजे, चिलटं नाही, मुंगी बी नाही. अन् आत फळ्या टाक, एकावर एक. सकाळी त्याले वर बसनं आवडते, सांजीले खाली."

"लाकडाच्या?"

"जाळीच्याच कर. खालून हवा लागली पाह्यजे. अन् कडी अशी लाव का वांदराले उघडली नाही पाह्यजे."

यावर मात्र जमशेद हातातलं काम ठेवून विचारात पडला. कारण मंगरूळपीरची वानरं ही साधी वानरं नव्हेत. कुरडई ओली आहे की वाळली, हे ती दोन गच्च्या पलीकडून नुसतं बघून ओळखतात. ओली असली तर उगाच हात न लावता दुसऱ्या दिवशी येतात. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या ललिताबाईंचे पापड त्यांनी प्लास्टिकच्या कागदासकट, चारी टोकं धरून, गाठोडं बांधून नेले होते. रिकामा कागद संध्याकाळी परत आणून टाकला, असंही सांगतात. पण ते सांगणारे इंद्रभानच असल्यामुळे आपण तेवढं सोडून देऊ.

शेवटी जमशेदनं अशी दुहेरी कडी बसवली की ती उघडायला त्याला स्वतःलाच पहिल्यांदा घाम फुटला. पाडव्याच्या आधी पिंजरा अंगणात उभा राहिला. लोखंडी अँगलचा सांगाडा, त्याला बारीक चकचकीत जाळी, आत मजल्यांवर मजले, उभ्यानं आत जाता येईल असं दार. सरपंचांनी सगळ्यात वरच्या फळीवर जाऊन ऊन घेतलं, गळा फुगवला आणि मान डोलवली. इंद्रभानांचा जीव भांड्यात पडला.

गल्ली पाहायला लोटली. पुरुष सरपंचांकडे पाहत होते. बायका सरपंचांकडे पाहत नव्हत्या.

"जाळी काय बारीक हाये वं माय!" ललिताबाईंनी बोट फिरवून पाहिलं.

"आमच्या यायनंच बनवली," जमशेदची बायको नसीम पदर सावरत म्हणाली. "लेकिन घर में मेरे को एक चाळणी बनाके नहीं दी अभी तक."

इंद्रभान हौसेनं माहिती देत सुटले. ऊन वरून कसं येतं, हवा खालून कशी खेळते, माशी कशी बसत नाही आणि वानर कसं हात चोळत परत जातं. सांगताना त्यांना वाटत होतं की आपण सरड्याच्या पिंजऱ्याविषयी बोलतो आहोत.

मग ऊन तापलं. वैभवीचा फोन आला. "बाबा, दुपारी त्याले बाहेर नका ठेवू. आत घ्या, कूलरपाशी. इतकं ऊन सोसत नाही त्याले." इंद्रभान रोज जेवणाआधी सरपंचांना खांद्यावर बसवून घरात आणू लागले. गोजराबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. पण दुपारचं कडक ऊन, एवढा मोठा पिंजरा आणि त्यात कुणीच नाही, हे पाहून आठ्या हळूहळू सैल पडल्या.

पहिल्या दिवशी त्यांनी वरच्या फळीवर स्वच्छ धोतर अंथरून कुरडया घातल्या. दुपारी वानरांची टोळी आली. म्होरक्यानं कडी वरून पाहिली, खालून पाहिली, जाळीला नाक लावलं आणि पिंजऱ्याकडे पाठ करून बराच वेळ बसला. त्याचा तो अपमान सगळ्या गल्लीनं गच्चीवरून पाहिला.

दुसऱ्या दिवशी ललिताबाई मुगवड्यांचं ताट घेऊन आल्या. "वैनी, एका कोपऱ्यात ठेवू काय?" आता शेजारणीनं ताट घेऊन दारात उभं राहून विचारल्यावर नाही म्हणणारी बाई मंगरूळपीरात अजून जन्माला यायची आहे. तिसऱ्या दिवशी नसीमच्या शेवया आल्या, मग कुणाच्या बाजरीच्या खारोड्या, कुणाच्या मिरच्या. बायकांनी मिळून पिंजरा घासूनपुसून काढला. दारापाशी चपला काढायची पद्धत सुरू झाली.

एका संध्याकाळी इंद्रभान सरपंचांना घेऊन दाराशी उभे राहिले. "याले ठेवतो आता."

"आज नका ठेवू," आतून ललिताबाई म्हणाल्या. "खारोड्या अजून ओल्या हायेत. त्याचे पाय कसे असतीन कोन जाने!"

"अवो, पन पिंजरा कोनाचा हाये हा?"

"सरपंचाचाच हाये ना भाऊजी! मग सरपंचानं गल्लीसाठी एवढं बी करू नये काय?"

यावर सरपंचांनी मान डोलवली. इंद्रभान त्यांना घेऊन घरात परतले.

अशा रीतीनं पापड पिंजऱ्यात राहू लागले आणि सरपंच दिवाणावर. दिवसभर कूलरचं वारं खायचं, भोपळ्याच्या फोडी खायच्या, रात्री पडद्यावर चढून झोपायचं. तेही चाललं असतं. पण एका संध्याकाळी मालिकेतली सासू गेल्या तीन भागांपासून उगारलेली थप्पड एकदाची मारणार, त्याच वेळी सरपंच टीव्हीवर चढले आणि त्यांची शेपटी नेमकी सुनेच्या तोंडावरून खाली लोंबली. आवाज आला, थप्पड कुणाला बसली, ते मात्र दिसलं नाही.

गोजराबाईंनी शांतपणे रिमोट खाली ठेवला आणि फोन उचलला. "हरीओम? उद्या ये. घेऊन जाय त्याले."

घराबाहेर सोय करायची असं ठरलं होतं आणि प्राणी घरात होता. सकाळी इंद्रभानांनी सरपंचांची पाण्याची वाटी आणि शेवग्याची पानं पिशवीत भरली, त्यांना खांद्यावर घेतलं आणि बिबट्याची गोष्ट सुरुवातीपासून सांगायला घेतली. आज बिबट्या तिकीट घेऊन शेवटच्या सीटवर बसला आणि गोष्ट तिथंच थांबली. पुढचं त्यांच्यानं सांगवेना.

हरीओम आला तो पिकअप घेऊन. बरोबर दोन मजबूत दोर.

"एवढ्याशा जीवासाठी एवढी गाडी?" गोजराबाईंनी विचारलं.

"त्याच्यासाठी नाही मामी, पिंजऱ्यासाठी. मामानं त्याच्याच मापाचा केला ना? पिंजऱ्याबिगर त्याले मी काय खिशात ठेवू?"

पिंजऱ्याच्या आत मधल्या फळीवरचे पापड उलटत असलेल्या ललिताबाई होत्या तशाच थांबल्या. मग त्यांनी दोन्ही हातांनी जाळी धरली.

"ये पोरा, थांब! मुक्या जनावराले असं घरातून काढत असतात काय?"

नसीम शेवयांचं ताट घेऊन फाटकातून आत येत होती. "इतक्या गर्मीत त्याले गाडीत नेशीन? गुनाह लागते रे बाबा!"

"मले तं मामीनंच बोलावलं," हरीओम गोंधळून म्हणाला. "मामा, तुमी सांगा."

सगळ्यांनी इंद्रभानांकडे पाहिलं. जन्मभर गर्दीच्या गाडीत तिकिटं फाडलेल्या माणसाला घंटी कधी मारायची, हे बरोबर कळतं.

"पोराचं खरं हाये," ते आभाळाकडे पाहत म्हणाले. "पिंजरा त्याचा हाये, त्याच्यासंगच गेला पाह्यजे. मी दोर बांधू लागतो. ललितावैनी, तेवढे पापड काढून घ्या बरं. गच्चीवर टाका."

सगळ्यांनी गच्चीकडे पाहिलं. कठड्यावर वानरांचा म्होरक्या बसला होता. त्याला घाई दिसत नव्हती.

गोजराबाईंनी एकदा वरच्या फळीवरच्या आपल्या कुरडयांकडे पाहिलं, एकदा सरपंचांकडे. कुरडयांना अजून दोन उन्हं लागणार होती, आणि पाठोपाठ साबुदाण्याच्या पापड्या घालायच्या होत्या.

"हरीओम, तू आत ये, चा घे," त्या म्हणाल्या. "हे कुठी जात नाही. लेकीनं इश्वासानं ठेवलेलं जनावर हाये."

"मामी, पन काल तं तू—"

"कालचं ऊन पाह्यलं का? डोस्कं ठिकानावर राह्यते काय मानसाचं? ते टीव्हीवर बसते तं बसू दे. टीव्हीत तरी काय ठेवलं हाये!"

हरीओम चहा पिऊन, दोर गुंडाळून, रिकामी गाडी घेऊन रिठदला परत गेला. इंद्रभान दिवाणावर सरपंचांशेजारी बसले. बिबट्या शेवटच्या सीटवर ताटकळला होता. त्याला त्यांनी सुखरूप कारंज्याला उतरवून दिलं.

संध्याकाळी ललिताबाई दाराशी आल्या. आपला नवरा अंगणात नाही ना, हे त्यांनी आधी मागं वळून पाहून घेतलं.

"भाऊजी, वैभवीले एक फोन करा ना. असं जनावर अजून एखादं भेटते काय, विचारा तिले."

"तुमाले? तुमी तं पालीले बी भेता वैनी!"

"मले काय करायचं हाये त्याचं! आमचे हे पापडासाठी पिंजरा करून देतीन काय? मागच्या वर्षी जाळी मांगितली तं म्हने, जुनी साडी झाक." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "जनावर लहानसं असलं तरी चालीन. पन त्याले पिंजरा एवढाच लागते, असं आमच्या यायले तुमी सांगजा."