खाकीवरचं सोवळं

वर्दीवाल्यांच्या घरच्यांना मन असतं की नाही, आणि असल्यास ते कितपत ठीक चालतं, याबद्दल शासनाकडे कसलीही अधिकृत माहिती नव्हती. बाब गंभीर होती. पोलीस, फौजी, आगीचे बंबवाले यांच्या बुटांची, दंडुक्यांची, अगदी शिट्ट्यांचीसुद्धा नोंद सापडत होती. बायकापोरांच्या मनाची तेवढी राहून गेली होती. तेव्हा एका मोठ्या संस्थेकडे काम सोपवण्यात आलं आणि त्याला नाव मिळालं, 'वर्दीधारी सेवकांच्या कुटुंबीयांच्या मानसिक स्वास्थ्याचा समग्र अभ्यास'.

धारच्या चारुलताला कोणी सरळ विचारलं असतं, तर तिने भाजी निवडता निवडता हा समग्र अभ्यास पुरा करून दिला असता. पण सरळ विचारलं की त्याला अभ्यास म्हणता येत नाही.

चारुलताचा नवरा श्रीपाद देवासला वाहतूक पोलिसांत सुभेदार, म्हणजे फौजदाराच्या बरोबरीचा. घराण्याचे मूळपुरुषही धारच्या पवारांच्या दरबारी सुभेदारच होते आणि हत्तीवरून सहसा खाली उतरत नसत, असं तिचे सासरे कृष्णराव आल्यागेल्याला ऐकवत. हल्लीचे सुभेदार चौकात उभे राहत आणि लोक त्यांच्या बुटांवरून स्कूटर नेत. घरी यायचं म्हणजे रजा हवी. रजा मंजूर होई, नाही असं नाही. फक्त ती कोणाच्या तरी दौऱ्याच्या आदल्या दिवशी रद्द होई.

त्यापायी मुलाची, मननची, मुंज दोनदा पुढे गेली होती. एकदा निवडणूक आडवी आली, एकदा देवासच्या देवीच्या टेकडीवरची नवरात्राची गर्दी लवकर सुरू झाली. मनन आठ वर्षांचा झाला. गुरुजी म्हणाले, वैशाखातला हा शेवटचा मुहूर्त, साडेअकराचा, आता चालढकल पुरे. मंत्र आजोबांनी दिला तरी शास्त्राला चालतं, असंही ते म्हणाले. ते मननला चालेना. त्याचं म्हणणं, पांघरुणाखाली कानात सांगायचं ते गुपित असतं, आणि आजोबांना ऐकू कमी येत असल्याने ते गुपित मोठ्याने सांगतात. बाबाच पाहिजेत. चारुलतालाही बाबाच पाहिजे होते. पोराच्या जन्माच्या वेळी श्रीपाद बंदोबस्तात होता, बारशाला होता तो फोनवर. मुंजीला तरी तो हाडामांसाचा पाटावर बसावा, एवढीच तिची इच्छा होती. तिला ती फार मोठी वाटत नव्हती.

अशात वल्लरीचा फोन आला. संस्थेची संशोधक, इंदूरची मराठी मुलगी, बोलायची गोड. फक्त मराठी वाचायला दिलं की घाबरायची. चिठ्ठ्या टाकून कुटुंबं निवडली होती आणि त्यात चारुलताचं निघालं होतं. तिने विचारलं, ताई, तुम्हाला मनावर दबाव कधी जाणवतो? चारुलता म्हणाली, यांची रजा रद्द होते तेव्हा. वल्लरीने जरा शोधाशोध केली आणि ओशाळून सांगितलं की रजा हा विषय प्रशासकीय आहे, मानसिकमध्ये तो बसत नाही. त्याऐवजी झोप, भूक किंवा बालपण यांपैकी काही सांगता येईल का? चारुलताने बालपण सांगितलं. ते चांगलं गेलं होतं.

इथवर सगळं ठीक होतं. पण खात्याची एक जुनी रीत आहे. कुठेही काही घडणार असलं की तिथे बंदोबस्त लावायचा. काय घडणार आहे ते मागाहून बघता येतं. अभ्यासाचा शुभारंभ म्हणून देवासला 'परिवार संवाद' ठरला. संवाद म्हटला की उद्घाटन आलं, उद्घाटन म्हटलं की मोठे पाहुणे आले, आणि पाहुणे आले की रजा गेल्या. कुटुंबांनी सभागृहात बसून घरच्या माणसाच्या गैरहजेरीबद्दल मोकळेपणाने बोलायचं आणि घरच्या माणसाने बाहेर रस्त्यावर उन्हात उभं राहायचं, अशी आखणी झाली. पत्रात लिहिलं होतं, 'उपस्थिती ऐच्छिक असून अनिवार्य आहे.' तारीख मुंजीचीच होती.

चारुलताने खात्यातर्फे हे काम सांभाळणाऱ्या नोडल अधिकाऱ्यांनाच फोन लावला. हंबीरराव त्यांचं नाव. माणूस प्रेमळ, देवासचा जुना मराठा, कोणालाही नाही म्हणत नसे. 'बघू' म्हणे आणि बघत राही. तिने मुंजीचं सांगितलं, दोनदा पुढे गेल्याचं सांगितलं, आणि एक दिवस, एकच दिवस यांना सोडा म्हणून अगदी गयावया केली.

हंबीररावांना खरोखर वाईट वाटलं. ते म्हणाले, "वहिनी, मी लगेच सोडतो हो सुभेदारांना. पण विचार करा. त्यांना रजा दिली तर तुमचं कुटुंब सुखी होईल. सुखी झालं की ते अभ्यासातून बाद. मग तुमच्या दुःखाची दखल घेणार कोण?"

चारुलताने फोन ठेवला आणि आणखी एक लावला. मग म्हणाली, ठीक आहे. बाबा मुंजीला येत नाहीत ना, मुंज बाबांकडे जाईल. कृष्णरावांना वाटलं सून संतापाने बरळते आहे. पण तिने तेवढ्यात भाड्याच्या तूफान जीपवाल्याला सांगूनही टाकलं होतं.

त्या दिवशी पहाटे धारहून पाट, समिधा, मुंडावळ्या, लाडवांचा डबा, गुरुजी आणि दोन्हीकडची पाव्हणेमंडळी तूफानमध्ये कोंबून वऱ्हाड देवासला निघालं. सभागृहामागच्या अंगणात होम पेटला. हंबीरराव खूशच झाले. कार्यक्रमपत्रिकेत सांस्कृतिक कार्यक्रमाची जागा रिकामी होती, तिथे त्यांनी मुंज लिहून टाकली. मातृभोजन झालं. आईच्या ताटात मनन शेवटचा जेवला आणि चारुलताला रडू आलं, तेव्हा संस्थेच्या एका माणसाने पुढे येऊन विचारलं की हे रडणं कौटुंबिक आहे की सेवाविषयक. तिने मननचं तोंड पुसलं.

अडचण एवढीच की श्रीपाद समोरच्या चौकात होता. पाहुणे साडेदहाला यायचे होते. त्यांच्यासाठी चारही रस्ते रोखून धरले होते, आणि साडेदहा वाजले तरी पाहुणे इंदूरच्या अलीकडे आलेच नव्हते. सुभेदाराने जागा सोडली असती तर नोकरीशी गाठ होती. सव्वाअकरा वाजले तेव्हा चारुलताने मननचा हात धरला, गुरुजींना म्हणाली चला, आणि ती फाटकाबाहेर पडली. मागून पाट घेऊन वल्लरी धावली. तिची बसायची जागा सभागृहात होती, पण तिला राहवलं नाही.

चौकात गाड्यांची रांग लागली होती, आणि सांगायला हवं की लोक अतिशय शहाण्यासारखे थांबले होते. पाहुणे यायचेत म्हटल्यावर कोणी हूं की चूं करत नव्हतं. हॉर्न बंद, काचा वर, एसी चालू. दूधवाला, शाळेची बस, एक पांढरीशुभ्र मोठी गाडी, सगळे तासभर देवळात बसावं तसे बसून होते.

श्रीपादने चौकातल्या चबुतऱ्याकडे येणारं कुटुंब पाहिलं आणि त्याच्या तोंडची शिट्टी गळून पडली. "अगं, हे काय?" तो म्हणाला. चारुलता म्हणाली, "अहो, रस्ता बंदच आहे. उभेच आहात, त्यापेक्षा बसा."

गुरुजींनी चामड्याच्या पट्ट्याला हरकत घेतली, खात्याने वर्दी उतरवायला घेतली असती. शेवटी पट्टा तेवढा वल्लरीच्या हातात गेला आणि खाकीवर सोवळं नेसवण्यात आलं. टोपीच्या जागी रुमाल आला. बापलेक पाटावर बसले, वरून उपरणं पांघरलं, आणि श्रीपादने मुलाच्या कानाशी तोंड नेलं. तीन चरणांच्या गायत्रीचा पहिला चरण झाला. मननने तो हळूच म्हटला, बापाच्याच आवाजात. चारुलता छत्री धरून उभी होती. इतकी वर्षं गिळलेलं सगळं तिला तिथे उन्हात फिटल्यासारखं वाटलं.

दुसरा चरण चालू असतानाच पाहुण्यांचा ताफा आला. चौकातले दोन शिपाई ताठ झाले, गाड्या सूं सूं करत निघून गेल्या. उपरण्याखालून सुभेदाराचा हात बाहेर आला आणि त्याने खूण केली, थांबा. एकच चरण उरला होता.

तेवढ्यात हॉर्न वाजला.

पहिला त्या पांढऱ्या गाडीचा. मग बसचा, मग दूधवाल्याचा, मग चारही रस्त्यांचा. ज्यांनी पाहुण्यांसाठी तासभर श्वास रोखला होता, त्यांना आता एका श्वासाची सवड उरली नाही. पांढऱ्या गाडीची काच खाली झाली आणि आतून एक सभ्य गृहस्थ इंदुरी हिंदीत म्हणाले, "अरे भिया, पूजा-पाठ घर पे करो ना यार, ये कोई जगह है?"

श्रीपाद उठला. उपरणं बाजूला केलं, सोवळं सारखं केलं, पट्टा घेतला, आणि हात दाखवून वाहतूक सोडली.

यथावकाश निकाल लागले. 'ड्यूटी के टाइम पे पाखंड' या नावाने व्हिडिओ फिरला आणि श्रीपादला खुलासा विचारण्यात आला: ताफा गेल्यावरही रस्ता का रोखला? त्यापूर्वी का रोखला होता, हे कोणी विचारलं नाही. सभागृहात हजेरी झाली तेव्हा चारुलताचं कुटुंब चौकात असल्याने अनुपस्थित धरलं गेलं आणि अभ्यासातून वगळलं गेलं. जी कुटुंबं हजर होती त्यांच्यामागे खुर्च्यांच्या रांगेत साहेब लोक बसले होते, त्यामुळे ती सगळी सुखी निघाली. निष्कर्ष असा आला की वर्दीधारींची कुटुंबं मनाने कणखर आहेत, जादा रजांची गरज दिसत नाही. वल्लरीने चौकात पाहिलेलं सगळं लिहून वर पाठवलं होतं. ते अहवालात एका निसर्गदृश्याच्या रंगीत फोटोखाली एक ओळ होऊन छापलं गेलं: 'कर्तव्य आणि संस्कार यांचा सुंदर संगम.'

मननची मुंज लागली आहे, पण पुरी झालेली नाही. गुरुजींनी तोडगा काढला की तूर्त दोन चरणांवर चालू द्यावं, तिसरा वडिलांनी रजेवर आल्यावर द्यावा. रोज सकाळी तो पाटावर बसतो, दोन चरण खणखणीत म्हणतो आणि थांबतो. कृष्णराव म्हणतात, पुढचं मी सांगतो की रे. तो मान हलवतो. बाबा सांगतील, म्हणतो, आणि उठतो. चारुलता तेव्हा स्वयंपाकघरात उगीचच भांडी वाजवते.

तो व्हिडिओ तिने पुन्हा पुन्हा पाहिलाय. पांढऱ्या गाडीचा नंबर त्यात दिसत नाही. ती सुटून जाताना मागच्या काचेवरचं स्टिकर मात्र स्पष्ट वाचता येतं, 'वर्दी को सलाम'.

तुम्ही म्हणाल, आम्ही त्या दिवशी देवासला नव्हतोच. खरं असेल. पण परवा तुमच्या चौकात एक खाकीवाला हात दाखवून क्षणभर उभा होता. तेव्हा तुमचा हात कशावर होता, तेवढं आठवून बघा.