नकाशाबरहुकूम बाग

एका जंगलात, बाळांनो, म्हणजे तुमच्याच शहरासारख्या एका जंगलात, गिरजाकाकू नावाची साळिंदर राहायची. तिच्या बिळापुढे एक बाग होती. साधीसुधी नव्हे हं! थोर उद्यानरचनाकार कै. करकोचे यांनी ती आखली होती. काकूने तिला चाळीस वर्षं पाणी घातलं होतं.

काकूच्या पुतण्याला मात्र तिथे सात मजली बिळं बांधायची होती. काकूचा जीव टांगणीला लागला. तिने वारसा समितीकडे अर्ज केला, "माझी बाग वाचवा हो!"

समिती धावत आली. धावत म्हणजे तीन वर्षांनी. अध्यक्ष गवेसाहेबांनी करकोच्यांचा मूळ नकाशा उलगडला, बागेकडे पाहिलं आणि नाक मुरडलं.

"काकू, ही बकुळ केवढी झालीय! नकाशात ती गुडघ्याएवढी आहे."

"अहो, तेव्हा नुकतीच लावली होती! झाड वाढणार नाही तर काय करणार?"

"समितीला न विचारता?"

मग गुडघा कोणाचा धरायचा, यावर दोन बैठका झाल्या. अखेर अध्यक्षांचाच ठरला. बकुळ तिथून छाटली. महिन्याभरात ती वाळून गेली. काकू ढसाढसा रडली. समितीने तिथे सिमेंटची बकुळ बसवली आणि तिला हिरवा रंग दिला. ही काही वाढायची नव्हती.

"झालं ना तुमचं आता?" काकूने डोळे पुसत विचारलं.

"एक बारीकशी गोष्ट राहिली," गवेसाहेब म्हणाले. "झाडांचं माप कळावं म्हणून करकोच्यांनी दाराशी एक साळिंदर काढलीय. हातात झारी, अंगावर चकचकीत काटे."

काकू लाजली. "अगबाई! ती मीच की. मला समोर उभं करूनच काढली होती त्यांनी."

"असेल. पण नकाशातली तरुण आहे."

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या जंगलातून एक तरणी साळिंदर नेमली गेली. दहा ते पाच ती रिकामी झारी धरून दाराशी उभी राहू लागली. काकूचं बोचकं समितीने कुंपणाबाहेर नेऊन ठेवलं, अगदी अदबीने.

बागेला उत्कृष्ट जतनाचं पदक मिळालं. समारंभाला काकूही आली होती. न राहवून तिने बकुळीवरून हात फिरवला.

"ओ आजी!" पहारेकरी वानर खेकसलं. "हात लावू नका. मूळ झाड आहे ते!"

तात्पर्य : बाग जपायची असेल तर तिला चुकूनही पाणी घालू नये. पाणी घातलं की झाड वाढतं, घालणारी म्हातारी होते, आणि मग दोघंही नकाशात बसत नाहीत.