भूपालअण्णा घर हलवतात

भूपालअण्णांच्या घरी टीव्ही बघायचा तर आडवं व्हावं लागतं. खोटं नाही सांगत. टीव्ही पार छताजवळ ठोकलाय आणि खाली चटई. बातम्या लागल्या की अण्णा उताणे, आणि घरी आलेला पाहुणाही शेजारी उताणा. चपला कपाटावर, धान्याचे डबे माळ्यावर, आणि मीठ इतक्या उंच फळीवर की आमटी अळणी लागली तर आधी स्टूल शोधायचं. विचारलं की एकच उत्तर, "पाणी आलं तर?"

आता आम्ही दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर राहणारी माणसं. इथं पाणी आलं तर जोतिबाच्या डोंगराला होड्या लागतील, असं मी त्यांना कितीदा सांगितलं. पण माणूस शिरोळकडचा, कृष्णाकाठचा. मोठ्या पुरात त्यांचं घर बसलं, तेव्हा शेत वाट्यानं देऊन नवरा-बायको इथं राहायला आली. पुढं बायको वारली, अण्णा एकटे राहिले.

यंदा माझ्या मुलानं कळंब्याला फ्लॅट घेतला. सूनबाईनं ठरवलं, सामान बांधणारी माणसं बोलवायची आणि दोन्ही पोरं आजोळी धाडायची. ओमचं काही नाही, तो चिवडा मिळेल तिथं जातो. पण त्याची आठ वर्षांची बहीण, श्रावणी, 'मी कळंब्याला येणार नाही' म्हणून हटून बसली होती. आजोळाहून परस्पर नव्या घरी उतरवली की विसरेल, असा सूनबाईचा बेत.

अण्णांच्या कानावर हे गेलं आणि ते समोरून तडक आले. शिरस्त्याप्रमाणे आधी आमचा माळा बघितला, मग म्हणाले, "सूनबाई, पोरं कुठं धाडायची न्हाईत. पोरांबिगर घर हलवायचं नसतंय."

सूनबाई मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, आई, ह्यांना आवरा. मी काय आवरणार? ज्या माणसाला त्याची बायको आवरू शकली नाही, त्याला शेजारणीनं कसं आवरायचं?

बांधणारी माणसं राहिली बाजूला. अण्णांनी पुरात बांधतात तसं आमचं घर बांधलं. म्हणजे पहिल्याच दिवशी जे जे होतं ते पलंगांवर चढवलं. फ्रिज पलंगावर आणि आम्ही फरशीवर, असं झोपलो. पोरांना त्यांनी एकेक पोतं दिलं, पाणी आलं तर जे उचलून पळाल तेवढं ह्यात भरा म्हणून. ओमनं चेंडू भरला, कुकरची शिट्टी भरली, बापाच्या गाडीची किल्ली भरली आणि माझी कवळीही भरली. मी पोतं उघडायला गेले तर अण्णा आडवे आले. "हात लावायचा न्हाय वैनी. ते त्याचं हाय." दिवसभर मी दूधभातावर होते.

श्रावणीचं पोतं मात्र रिकामंच.

निघायच्या दिवशी सामान टेम्पोत चढलं आणि मोकळ्या खोलीच्या मधोमध ही बाई रिकाम्या पोत्यावर मांडी घालून बसली. बापानं लिफ्टचं आमिष दाखवलं, आईनं तळ्याकाठी सायकल चालवायचं. मग दोघंही ओरडली. अण्णांनी दोघांना खाली पिटाळलं आणि गुडघे धरत तिच्याजवळ टेकले. मी आत देव बांधत होते, सगळं ऐकू येत होतं.

"तुम्ही पण समजूत घालणार?" पोरीनं विचारलं.

"न्हाय. दमलोय, बसलोय."

मग त्यांनी आपणहूनच सांगितलं. पुरात त्यांनी आपली पोरं पहिल्या होडीत घातली आणि पुण्याला आत्याकडं धाडली. पाणी उतरलं की आणू म्हटलं. पण घर बसलं, शाळा तिकडं लागली, पोरं तिकडलीच झाली. आता येतात ती पाहुण्यासारखी, पिशवी मांडीवर घेऊन बसतात. दारात पेरूचं झाड होतं, त्याला थोरल्या संजूनं झोपाळा बांधलेला. "अजून फोनवर मधीच इचारतोय, अण्णा, पेरू हाय का."

"आहे?"

"कुठला. घरासंगं गेला."

"मग तुम्ही काय सांगता?"

"हाय म्हणतो."

"म्हणजे खोटं."

"व्हय."

"त्याला खरं सांगा. आत्ता."

अण्णांनी तिच्याकडं बघितलं आणि खरोखरच फोन लावला. ऐकू कमी येतं म्हणून त्यांच्या फोनचा स्पीकर कायम चालू असतो. "संजू, पेरू न्हाय रं. पुरातच गेला त्यो."

माझ्या हातातली देवांची गाठ तशीच राहिली.

"ठाव हाय अण्णा," संजू म्हणाला. "नोकरी लागली तवा जाऊन बघून आलतो."

"मग इचारतोस कशाला?"

"तुमी 'हाय' म्हणता, ते बरं वाटतंय. फिरून इचारलं तर हायच म्हणा."

अण्णा "बरं" म्हणाले. फोन खिशात जाईना, दोनदा हुकला.

श्रावणी उठली. ह्या खोलीतून त्या खोलीत, मग मोरीत, मग गॅलरीत, भिंतीला हात लावत सावकाश फिरू लागली. खाली टेम्पोवाल्यानं हॉर्नवर हॉर्न लावला होता. अण्णा खिडकीशी गेले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "थांब की रं जरा. पोरगी घर बघाय लागलीया."