अंतिम उपायाची डबी

मधुकरराव विहिरीवरून तोंड धुऊन आले, तेव्हा टेबलावरची चुन्याची डबी जागेवर नव्हती. दौत होती, टाक होता, खुंटीला छत्री होती. डबी नव्हती. मधुकररावांनी ओल्या तोंडानंच टेबलाखाली वाकून पाहिलं.

रोहण्यात चुन्याची डबी जाणं ही काही घटना नव्हे. मधुकरराव तिथे सरकारी पर्जन्यमापकाचे कारकून होते. रोज सकाळी आठ वाजता यंत्रातला पाऊस मोजायचा आणि नोंदवहीत लिहायचा, एवढंच काम. वर्षातले आठ महिने ते ‘शून्य’ लिहीत. गाव त्यांना पाऊसबाबू म्हणे. त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण पाऊस कमी पडला तरी तो त्यांनी खाल्ला असा संशय कुणालाच आला नव्हता.

ते मूळचे फार लांबच्या एका ताऱ्यावरचे होते. तिथल्या हेरखात्यानं त्यांना चार वर्षांपूर्वी, म्हणजे त्रेपन्न साली, इथे नेमलं होतं. वर्धा जिल्हा ताब्यात घेण्याजोगा आहे का, हे त्यांनी कळवायचं होतं. गेल्या वर्षी त्यांनी नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यातून कळवलं होतं, की एक नोव्हेंबरला हा संपूर्ण जिल्हा मध्यप्रदेशातून काढून मुंबई राज्यात ठेवण्यात आला. या हलवाहलवीत कुणाच्या कपातला चहासुद्धा हिंदकळला नाही. हे तंत्र मुख्यालयाला माहीत नव्हतं. मुख्यालय तीन महिने गप्प होतं.

प्रत्येक हेराला खातं एक ‘अंतिम उपाय’ देतं. पकडलं जाण्याची वेळ आली, तर तो उपाय कातडीला लावायचा. घटकाभरात माणूस नाहीसा होतो, मागे काहीही उरत नाही. तो लपवायचा कशात, यावर खात्यानं दोन वर्षं अभ्यास केला होता. वर्धा जिल्ह्यात प्रत्येक पुरुषाच्या खिशात चुन्याची डबी असते आणि तिच्याकडे कुणी दोनदा पाहत नाही, असा निष्कर्ष निघाला. निष्कर्ष बरोबर होता. ती डबी ज्याच्या खिशात असते त्याची असते, असंही खातं धरून चाललं होतं. तेवढं चुकलं.

चार वर्षं मधुकररावांनी डबी उशाशी, कमरेला, तोंड धुताना काखेत अशी सांभाळली होती. आज साबण न्यायचा होता म्हणून हात मोकळे ठेवले.

शेजारचे बापूराव अंगणात तुरीच्या काड्या बांधत होते. रोज संध्याकाळी ते पाऊसबाबूंच्या ओट्यावर येऊन बसत. चार वर्षांत मधुकररावांनी जोडलेला हा एकच माणूस. आता त्याची दोन्ही हातांची बोटं शाबूत आहेत की नाहीत, हे मधुकररावांनी आधी पाहिलं.

“डबी तुम्ही नेलीत का?”

“नेली ना जी. काऊन?”

“चुना लावलात?”

“मी? नागपूरले दीक्षा घेतली तवापासून तंबाखूले शिवलो नाई. पाटील मांगून राह्यले होते, त्यायले देल्ली.” बापूरावांनी गाठ आवळली. “घाबरू नका बाबूजी, डबीच हाय. येते फिरून.”

ती कुणाकडून फिरून येते याचीच मधुकररावांना चिंता होती. ते पोलीस पाटील महादेवरावांकडे निघाले. चालताना धावायचं नाही, असा खात्याचा नियम होता. तो त्यांनी अर्ध्या वाटेपर्यंत पाळला.

महादेवराव ओसरीवर बसलेले दिसले, संपूर्ण दिसले. त्यांनी सांगितलं की डबी आली खरी, पण तंबाखूच संपली होती. नुसत्या चुन्याचं काय करता? तेवढ्यात देवकाबाई आल्या. त्यांच्या म्हशीचा पाय सुजला होता, हळद-चुन्याचा लेप द्यायचा होता. मग डबी त्यांना दिली.

“माझी डबी तुम्ही परस्पर दिलीत?” मधुकररावांचा आवाज चढला.

महादेवरावांनी त्यांच्याकडे खऱ्याखुऱ्या काळजीनं पाहिलं. चुन्याची डबी परत मागायला आलेला माणूस त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

“तब्येत बरी हाय ना, बाबूजी?”

देवकाबाई विधवा होत्या. एक म्हैस, दोन रतीब आणि कुणाचं ऐकून न घेणारी जीभ एवढ्यावर त्यांचं घर चालत होतं. मधुकरराव पोचले तेव्हा त्या गोठ्याच्या दारात उभ्या होत्या आणि जीभ चालत नव्हती. लेप कढत होता, म्हणून त्यांनी पळसाच्या पानानं लावला होता. पान आणि वाटी घेऊन त्या आत गेल्या, हात धुऊन बाहेर आल्या, तर म्हैस नव्हती. खुंटा होता. दावं होतं. दाव्याचा फासही बांधलेला होता, फक्त त्यात मान नव्हती.

मधुकररावांनी त्यांचे हात पाहिले. दहा बोटं. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्याची त्यांना लगेच लाज वाटली.

दुपारपर्यंत गाव चावडीवर जमलं. म्हैस स्वतःहून दाव्यातून मान काढत नाही, हे सगळ्यांना मान्य होतं. म्हणजे ओळखीच्याचं काम. ओळखीचा एकच, गुराखी चिंधू. म्हैस त्याच्या हाकेला ओ देई. चिंधूनं आईची शपथ घेतली, मग पोरांची घेतली. महादेवरावांनी निरुपायानं सांगितलं की त्याला आर्वीच्या ठाण्यात न्यावं लागेल. चिंधूची बायको पंचफुला पदर तोंडाशी धरून खाली बसली.

खात्याच्या नियमावलीत याबद्दल स्पष्ट होतं. स्थानिक माणसावर आळ येत असेल तर येऊ द्यावा. हेराच्या दृष्टीनं ती सोयच आहे. मधुकररावांना हा नियम तोंडपाठ होता. ते उभे राहिले.

“चिंधूनं काही केलेलं नाही. म्हैस माझ्या डबीतल्या पदार्थानं नाहीशी झाली. तो चुना नव्हता. मला पकडलं, तर मी स्वतः नाहीसं व्हावं म्हणून तो दिलेला होता. मी इथला नाही.”

मग महादेवराव समजुतीच्या सुरात म्हणाले, “ते तं मालूमच हाय आमाले. तुमी पुण्याकडचे.”

“पुण्याकडचा नाही. वरचा.” मधुकररावांनी आभाळाकडे बोट दाखवलं.

“पुण्याचे लोक असेच सांगतात,” मागून कुणीतरी म्हणालं.

बापूराव मात्र हसले नाहीत. त्यांनी मित्राच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “मंग आता तुमाले पकडलं तं?”

“आता उपाय उरला नाही. म्हशीनं वापरला.”

“मंग बरं झालं,” बापूराव म्हणाले, आणि खाली बसले.

पंचांनी सगळ्या बाजूंचा विचार केला. बाबू खोटं बोलणारे नाहीत. त्यांनी चार वर्षांत एकदाही वाढवून पाऊस लिहिला नव्हता. तेव्हा म्हैस त्यांच्याकडूनच हरवली, हे धरून चालायला हरकत नाही. कशी हरवली ते त्यांचं त्यांना माहीत. चिंधूला सोडण्यात आलं. देवकाबाईंना काय हवं ते विचारलं. त्या म्हणाल्या, म्हैस येईपर्यंत सारवायला शेण पाहिजे. ते रोज बाबूजींनी आणून द्यावं. ठराव झाला. हेरखात्यातून बडतर्फीसाठी एवढं पुरेसं होतं, असं मधुकररावांना वाटलं.

नवव्या दिवशी सकाळी आभाळ कोरडं असताना पर्जन्यमापकात दीड इंच पाणी निघालं. मुख्यालयाचा निरोप असाच येई. काचेवर अक्षरं उमटत. मधुकररावांनी शेणाची टोपली खाली ठेवली आणि वाचलं.

‘रोहणे येथील हेर सुखरूप परत आले. अंतिम उपायाने माणूस घरी पोचतो, ही गोष्ट गुप्त ठेवावी लागते. नाहीतर वर्ध्याच्या मे महिन्यात एकही हेर टिकला नसता. आपल्या हेराने तिथला वेष अद्याप उतरवलेला नाही. आठ दिवसांच्या चौकशीत त्यांनी एक शब्द उच्चारला नाही. इतका संयम खात्याने पाहिलेला नाही. जिल्हा ताब्यात घ्यावा का, असे विचारता त्यांनी आमच्याकडे पाठ फिरवली. मोहीम रद्द करण्यात आली आहे. ते रोज दोन वेळा एक पांढरे निवेदन देतात. त्याचा अर्थ लावणे चालू आहे. मात्र ते खात नाहीत, आणि निवेदन दिवसेंदिवस कमी होत आहे. त्यांना बढती देण्यात आली आहे. रोहण्याची नेमणूक बंद.’

नेमणूक बंद केली, की शेवटची नोंद तिथल्या यंत्रात ठेवायची, वाचायला कुणी उरलेलं नसलं तरी, असा खात्याचा नियम होता. पाणी ओतून टाकून मधुकरराव टोपली घेऊन देवकाबाईंकडे गेले.

“म्हैस सापडली. वर आहे, आमच्या लोकांकडे. परत येणार नाही. मानानं ठेवलीय, पण खात नाही म्हणतात.”

देवकाबाईंनी टोपली घेतली. शेणातली एक काडी वेचून फेकली.

“नुसतं गवत टाकत असन मेले,” त्या म्हणाल्या. “तिले सरकी लागते. भिजवून. आन पुढं उभं राहून बोलावं लागते. कळवून देजा.”

मधुकररावांची नेमणूक आता बंद होती. घरी येऊन त्यांनी नोंदवही उघडली, पावसाच्या रकान्यात ‘शून्य’ लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात मुख्यालयासाठी आपला शेवटचा अहवाल लिहिला: ‘सरकी, दोन्ही वेळ, भिजवून. जवळ उभे राहून बोलावे.’

सही केली नाही. टाक ठेवला, आणि ओट्यावर बापूराव आज सकाळीच येऊन बसले होते, त्यांच्या शेजारी जाऊन बसले.